हलक्या हाताच्या उपचाराचे भारी दावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत ‘क्रेनिओसेक्रल थेरपी’ची पत्रके हल्ली हातात पडतात, व्हॉट्सॲपवरही फिरतात. मानदुखी, अर्धशिशी, झोप न लागणे यांपासून ऑटिझम, फिट्स, तिरळेपणा आणि तान्ह्या बाळाच्या रडण्यापर्यंत सगळे एकाच यादीत असते. उपचार काय, तर डोक्याला, मानेला आणि कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला अगदी हलका स्पर्श. ते वाचून कुणाला चमत्कार वाटतो, कुणाला शुद्ध थोतांड. आम्ही फिजिओथेरपिस्ट आहोत. ही पद्धत आम्ही शिकलो आहोत आणि मोठ्या माणसांसाठी मुख्य उपचाराच्या जोडीला वापरतो. ती नेमकी कशी करतात, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि कुणी तिच्या वाटेलाही जाऊ नये, एवढे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

उगम थोडक्यात. विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) हे अमेरिकन ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडे-सांधे हाताने हाताळून उपचार करणारे. विद्यार्थी असताना त्यांनी कवटीची सुटी केलेली हाडे पाहिली. कानशिलाजवळच्या हाडांच्या कडा तिरप्या घासलेल्या दिसल्या, आणि त्या हलण्यासाठीच तशा असाव्यात असा तर्क त्यांनी केला. जॉन अपलेजर (१९३२–२०१२) यांनी १९७०च्या दशकापासून त्या तर्कातून आजची पद्धत बसवली आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात संस्था काढून ती ऑस्टिओपॅथीबाहेरच्या लोकांनाही शिकवायला सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा दहा टप्प्यांचा क्रम त्यांचाच.

त्यामागची मांडणी अशी. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती ड्यूरा नावाचे चिवट आवरण असते. ते कवटीला आतून, कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या कडेला आणि खाली त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्या त्रिकोणी हाडाच्या, दुसऱ्या खंडाशी जोडलेले असते. त्याच्या आत मेंदूभोवतीचे पाणी असते, मोठ्या माणसात साधारण १२५ ते १५० मिलिलिटर. दिवसभरात असे सुमारे ५०० मिलिलिटर पाणी तयार होते, म्हणजे ते तीन-चारदा पूर्ण बदलते. इथपर्यंतचे कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात मिळेल. पुढचा भाग या पद्धतीचा स्वतःचा आहे. हे पाणी मिनिटाला ६ ते १२ वेळा भरते-ओसरते, त्याबरोबर कवटीची हाडे किंचित उघडतात-मिटतात, तो ताल शिकलेल्या हाताला कळतो आणि बिघडला असेल तर हलक्या स्पर्शाने सुधारता येतो, असा तो दावा.

पाणी हलते, यात शंका नाही. हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर ते मागेपुढे होते आणि एमआरआयवर ते दिसते. हाडांचे मात्र तसे नाही. ज्या सांध्याभोवती सदरलँड यांची सगळी कल्पना फिरते, तो कवटीच्या तळाचा कूर्चेचा सांधा किशोरवयाच्या अखेरीपर्यंत हाड होऊन मिटलेला असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सशांच्या कवटीच्या शिवणीवर (दोन हाडे जुळतात त्या रेषेवर) ५ ते २० ग्रॅम ताण दिला. शिवण हलली नाही, कवटीच्या आतला दाबही बदलला नाही. १९९८ च्या एका अभ्यासात एका तपासनीसाने डोक्याशी आणि दुसऱ्याने पायाशी हात ठेवून त्याच माणसाचा ताल एकाच वेळी मोजला. आकडे जुळले नाहीत. मग बोटांना जाणवते ते काय? स्वतःच्याच बोटांची नाडी, रुग्णाचा आणि आपला श्वास, हाताच्या स्नायूंचे बारीक कंप, आणि रक्तवाहिन्यांच्या ताणात मिनिटाला सहाच्या आसपास येणाऱ्या मंद लहरी. या साऱ्याचे मिश्रण असावे, असे आम्हांला वाटते.

‘तुमचा ताल आठवर आला आहे’ असे कुणी सांगितले तर ऐकून घ्यावे, पण त्यावर औषध कमी-जास्त करू नये. ‘डावीकडचे स्फेनॉइड (कवटीच्या तळाचे हाड) सरकले आहे, दहा सिटिंग लागतील’ असे म्हणाले, तर टेबलावरून उतरून घरी जावे.

सिद्धांत इतका डळमळीत असताना आम्ही ही पद्धत का वापरतो, हा प्रश्न रास्त आहे. हात कुठे आणि कसा ठेवतात हे पाहिल्यावर उत्तर थोडे सोपे होईल.

एक सत्र ४५ ते ६० मिनिटांचे असते. जेवणानंतर निदान दीड तासाने यावे आणि सुरू होण्याआधी लघवीला जाऊन यावे. एवढी साधी गोष्ट राहिली की अर्ध्या वेळी रुग्णाची चुळबुळ सुरू होते आणि सगळी स्थिरता जाते. कपडे अंगावरच राहतात. चष्मा, कानातले, केसांचा क्लिप, अंबाड्याचा आकडा आणि काढता येणारी कवळी काढून ठेवायची. रुग्ण उताणा झोपतो, गुडघ्यांखाली लोड देतात, त्यामुळे कमरेचा बाक सैल पडतो. पाठीला पोक असलेल्या वयस्कर माणसाच्या डोक्याखाली घडी केलेला टॉवेल हवाच. तो दिला नाही तर मान मागे मोडून राहते आणि डोकेदुखीवर उपचार घ्यायला आलेला माणूस डोकेदुखी घेऊन परत जातो.

पहिली काही मिनिटे टाचा, पावले, मांड्या, बरगड्या, खांदे अशा ठिकाणी हात नुसते टेकवून ‘ऐकण्यात’ जातात. नंतर श्वासपटलासारख्या आडव्या पट्ट्यांवर काम होते. एक हात त्रिकास्थीखाली आणि दुसरा ओटीपोटावर. मग एक पाठीखाली, दुसरा बरगड्यांच्या कमानीखाली. मग एक मान-पाठीच्या सांध्याखाली, दुसरा छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी. प्रत्येक ठिकाणी तीन ते पाच मिनिटे. ओटीपोटावर हात ठेवण्याआधी विचारणे बंधनकारक समजावे. स्त्री रुग्ण असेल तर खोलीत दुसरी स्त्री असावी किंवा रुग्णाने स्वतःचा तळवा खाली ठेवावा आणि थेरपिस्टने त्यावर हात ठेवावा. नको वाटले तर हा टप्पा वगळता येतो, त्याने काहीही बिघडत नाही. जो ‘वगळला तर उपचार अपुरा राहील’ म्हणतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

चौथे ठिकाण गळ्याचे. एक हात मानेखाली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी हनुवटीखालच्या लहानशा हाडाच्या दोन बाजूंना. इथे सर्वाधिक चुका होतात. बोटे थोडी बाहेर आणि खाली घसरली की ती मानेच्या मोठ्या धमनीवर येतात. तिथे दाब पडल्यास काही जणांचे, विशेषतः साठीपुढच्यांचे, ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. दोन्ही बाजू एकाच वेळी दाबणे तर सरळ धोक्याचे. वयस्करांत हा टप्पा आम्ही घेतच नाही.

मग डोक्याच्या मागचा भाग. थेरपिस्ट डोक्याशी बसतो, दोन्ही हातांची बोटे उभी करून कवटीच्या मागच्या कडेखाली ठेवतो आणि डोक्याचा भार हळूहळू तळहातांवर येऊ देतो. मोठ्या माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. तीन-चार मिनिटांत कवटीखालचे छोटे स्नायू सैल पडतात आणि डोके जड झाल्याचे हाताला कळते. आमच्या मते या संपूर्ण सत्रातला सर्वांत कामाचा टप्पा हाच. याला वेगळ्या सिद्धांताची गरज नाही, नेहमीच्या फिजिओथेरपीतही हे तंत्र आहे आणि तणावाच्या डोकेदुखीत ते वापरतात. चूक होते ती बोटे खाली, पहिल्या-दुसऱ्या मणक्यांवर टेकल्याने, किंवा मान मागे झुकवल्याने. रुग्णाला भोवळ, मळमळ, डोळ्यांपुढे दुहेरी दिसणे किंवा जीभ जड होणे यांतले काहीही वाटले तर तिथेच थांबायचे. ‘शरीर विष सोडते आहे’ असे म्हणून पुढे चालवायचे नाही.

त्यानंतर त्रिकास्थीखाली तळवा ठेवून पायांच्या दिशेने अगदी नाममात्र ताण देतात. मग कवटीची हाडे: कपाळाचे हाड दोन्ही कडांनी वर छताकडे, कानांच्या वरची हाडे डोक्याच्या माथ्याकडे, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यामागची जागा अंगठ्यांनी, कानांच्या पाळ्या बाहेर आणि मागे, आणि शेवटी खालचा जबडा. तोंडात बोट घालून काम करायचे असेल तर नवे ग्लोव्ह्ज हवेत आणि आधी परवानगी हवी. शेवटी डोक्याच्या मागे दोन्ही तळव्यांचे अंगठ्याखालचे मांसल उंचवटे ठेवून काही मिनिटे स्थिर राहतात. हे उंचवटे मागच्या हाडावरच हवेत. कानामागच्या शिवणींवर आले तर कोंडल्यासारखे वाटून डोके दुखू लागते.

भार किती? शिकवताना अमेरिकेतल्या ५ ग्रॅमच्या निकेल नाण्याचे माप देतात. आपल्या दोन रुपयांच्या नाण्याचे वजनही चार-पाच ग्रॅमच आहे. हे ऐकायला सोपे, करायला अवघड. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बोट टेकवून ५ ग्रॅम दोन मिनिटे टिकवून दाखवा, असे कुणालाही सांगा. आकडा तीसवर जातो, मग चाळीसवर. कारण बोट नव्हे, तर खांद्यापासूनचा हात. कोपर टेबलावर टेकलेले नसतील तर अख्ख्या हाताचा भार बोटांतून उतरतो. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात आणि दहा मिनिटांत हात कापायला लागतात. गार हात, वाढलेली नखे, अंगठी, चालू पंख्याचा वारा, बाहेर वाजणारा मोबाइल, यांतले एकही असले तरी रुग्णाचे स्नायू पुन्हा आवळतात. द्वारका किंवा शालिमारच्या चौकालगत, रस्त्याला खिडकी असलेल्या खोलीत हा उपचार देणाऱ्याने आधी खिडकीचा बंदोबस्त करावा.

उठण्याची पद्धतही शिकवावी लागते. तासभर उताणे पडलेला माणूस एकदम उठून बसला तर रक्तदाब घसरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना हे जास्त होते. आधी कुशीवर वळायचे, हाताचा आधार घेऊन बसायचे, दोन मिनिटे पाय खाली सोडून थांबायचे आणि मग उभे राहायचे. त्यानंतर लगेच दुचाकीवर बसून महामार्गाला लागू नये.

आता परिणाम. २०१६ मध्ये जर्मनीतून एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट मानदुखीचे ५४ रुग्ण, आठवड्याला एक अशी आठ सत्रे. निम्म्यांना ही थेरपी, निम्म्यांना तितकाच वेळ नुसता हलका स्पर्श. थेरपीच्या गटाला आराम अधिक मिळाला आणि तो नंतर काही आठवडे टिकला. चाचणी नीट बेतलेली होती, पण लहान. शिवाय खरा उपचार कोणता हे थेरपिस्टला माहीत असतेच, ते झाकता येत नाही. पुढे जुनाट दुखण्यांवरच्या दहा चाचण्या आणि ६८१ रुग्ण एकत्र पाहणाऱ्या आढाव्याने काहीसा अनुकूल कौल दिला, तर २०२४ मध्ये १५ चाचण्या तपासणाऱ्या दुसऱ्या आढाव्याला रुग्णाच्या उपयोगाचा फरक सापडला नाही. पत्रकावर ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापणारे यांतला पहिला आढावाच सांगतात.

या सगळ्यातून आम्ही काढलेला अर्थ साधा आहे. तासभर शांत पडून राहणे, कुणीतरी घाई न करता स्पर्श करणे, श्वास संथ होणे आणि कवटीखालचे स्नायू सुटणे, एवढ्याने काही दुखणी उतरतात. वेदना ज्यांच्यात रोजच्या ताणाशी बांधलेली आहे, आणि ज्यांना जोराचा मसाज किंवा मान ‘कडकन मोडणे’ सोसत नाही, त्यांना हा एक सौम्य पर्याय आहे. पाण्याचा ताल दुरुस्त झाला म्हणून बरे वाटले, असे मात्र आम्ही कुणाला सांगत नाही.

त्यामुळे तो जोडीचाच उपचार राहतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या मांडवाखाली विरळणीच्या दिवसांत मजूर तासन् तास मान वर करून काम करतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वाकून जुळणी करणारे आणि दिवसभर पडद्यासमोर बसणारेही मानदुखीचे नेहमीचे रुग्ण. त्यांना टेबलावर तासभर झोपवून सोडले आणि कामाची उंची, मधली विश्रांती, खांद्याच्या व मानेच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम यांबद्दल अवाक्षर काढले नाही, तर दुखणे पुढच्या आठवड्यात त्याच जागी हजर असते. मांडवाखाली काम करणाऱ्याला दर वीस-तीस मिनिटांनी मान खाली आणून हनुवटी मागे ओढण्याचा व्यायाम दहा वेळा करायला लावणे, हे फुकटचे काम त्या तासापेक्षा जास्त टिकते.

किती सत्रे घ्यावीत? तीन-चार, आणि मोजून. सुरू करण्याआधी दोन आठवडे डोकेदुखीची नोंद ठेवा: तारीख, दुखणे ० ते १० पैकी किती, किती तास, गोळी कोणती. चौथ्या सत्रानंतर तीच नोंद समोर ठेवा. दुखण्याचे दिवस आणि गोळ्या यांत ठळक घट नसेल तर थांबा. या नोंदीतून आणखी एक गोष्ट अनेकदा बाहेर येते. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा अर्धशिशीवरची ट्रिप्टानसारखी औषधे १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली की गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. अशा माणसाला डोक्याला हात लावणाऱ्यापेक्षा गोळी नीट सोडवणारा डॉक्टर हवा असतो.

ज्यांनी हा उपचार घेऊच नये त्यांची यादी मोठी आहे. नुकताच पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेले, धमनीला फुगा असलेले, डोक्याला ताजा मार किंवा कवटीला तडा असलेले, मेंदूतला दाब वाढलेले, मेंदूतले जादा पाणी काढणारी नळी (शंट) बसवलेले, मेंदूचा खालचा भाग मानेकडे उतरलेला असणारी कियारी नावाची जन्मजात रचना असलेले, पाठीतून पाणी काढल्यावर डोके दुखत असलेले, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे किंवा रक्तस्रावाचा आजार असलेले. यांतल्या शेवटच्या दोन गटांनी निदान डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय तरी तो घेऊ नये. ‘इतका हलका स्पर्श, अपाय कसला?’ या प्रश्नाचे उत्तर १९९५ च्या एका नोंदीत आहे. डोक्याला मार लागून मेंदू दुखावलेल्या ५५ रुग्णांना हा उपचार दिला, त्यांतल्या तिघांचा त्रास वाढला.

डोकेदुखीचे काही प्रकार तर थेट इस्पितळाचे. काही सेकंदांत शिगेला गेलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, तापासोबत ताठ मान, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, विशेषतः चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल तर, पहाटे उलटीसह, एका बाजूची ताकद किंवा बोलणे गेल्यास, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत नव्याने. अशा वेळी थेरपिस्टची वेळ घेऊ नका. आणि असा रुग्ण आला असता टेबलावर न झोपवता जो रिक्षा बोलावून देतो, तो थेरपिस्ट चांगला.

आता बाळांविषयी. इथे आमचे मत कडक आहे.

आपल्याकडे टाळू भरणे, तेल चोळून डोके गोल करणे, राईच्या उशीवर निजवणे हे घरोघर चालते. क्रेनिओसेक्रलची पत्रके याच मनोभूमीवर पडतात: ‘प्रसूतीत बाळाच्या कवटीवर दाब आला, तो सोडवू.’ तान्ह्या बाळाची हाडे खरोखरच सुटी असतात. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची साधारण १२ ते १८ महिन्यांत. पण सुटी आहेत म्हणून त्यांच्यावर काम करावे, हा निष्कर्ष उलटा आहे. मेंदू वाढतो तसे डोके आपोआप आकार घेते. जन्मतः सुमारे ३५ सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या वर्षात साधारण १२ सेंटीमीटरने वाढतो.

एका बाजूने चपटे डोके बहुधा एकाच कुशीवर झोपण्याने किंवा मान एकीकडे आखडल्याने होते. उपाय फुकट आहे: झोपताना उताणेच, पण जागेपणी पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे. पाळण्याची दिशा अधूनमधून बदला म्हणजे बाळ दुसऱ्या बाजूने वळून पाहते. राईची उशी नको; वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत कुठलीच उशी नको. मान एकीकडेच वळत असेल, मानेत गाठ लागत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून तीन महिन्यांच्या आत फिजिओथेरपी सुरू करावी, कारण जितके लवकर तितके व्यायाम कमी दिवस लागतात. त्यासोबत खुब्याचे सांधेही तपासून घ्यावेत.

एक फरक पालकांनी लक्षात ठेवावा. झोपण्याने चपट्या झालेल्या बाजूचा कान सहसा पुढे सरकलेला असतो. कान मागे ओढलेला असेल, शिवणीवर उंच कडा हाताला लागत असेल, घेर वाढत नसेल, तर शिवण अकाली मिटल्याची शंका घ्यावी. त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते आणि तिची योग्य वेळ पहिल्या वर्षातच असते. अशा बाळाला सहा महिने स्पर्शाचे उपचार करत ठेवणे म्हणजे ती वेळ घालवणे. टाळू खोल गेली तर पाणी कमी पडले आहे. बाळ शांत आणि उभे धरलेले असताना टाळू फुगून ताठ असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर त्याच तासाला रुग्णालय.

पोटशूळाने रडणाऱ्या बाळांबाबत ‘तीन सत्रांत रडणे थांबले’ असे अनुभव खोटे नसतात. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला जाते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. हैराण झालेले आईवडील नेमके शिगेच्या आठवड्यात थेरपिस्टकडे पोहोचतात. त्या काळात जे काही केले, त्याला श्रेय मिळते. आणि स्पर्श हलकाच राहील याची खात्री कुणी द्यायची? नेदरलँड्समधील तीन महिन्यांच्या एका बाळाची मान व पाठ अशाच थेरपिस्टने जोराने वाकवली आणि ते दगावले. २००९ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात ही नोंद आली. त्याला क्रेनिओसेक्रल म्हणायचे की नाही यावर या क्षेत्रातले लोक वाद घालतात. पाटी मात्र तीच होती.

ऑटिझम, फिट्स, सेरेब्रल पाल्सी यांवर हा उपचार चालतो याला आधार नाही. अशा मुलांच्या बाबतीत वेळ हेच भांडवल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेपाची केंद्रे आहेत. तिथली वाचा उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीची रांग कंटाळवाणी असली तरी ती सोडून खासगी खोलीत महागडी सत्रे घेऊ नयेत. फिट्सची औषधे तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

शेवटी पाटीमागच्या पात्रतेविषयी. या उपचारासाठी आपल्याकडे वेगळी सरकारी नोंदणी नाही. पहिल्या पातळीचा वर्ग साधारण चार दिवसांचा असतो, आणि ज्याच्याकडे आधीची कुठलीच आरोग्य पदवी नाही तोही त्यानंतर पाटी लावू शकतो. फिजिओथेरपीची पदवी वर्षानुवर्षे इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची राहिली आहे आणि राज्यात त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी लागते. डोकेदुखी धोक्याची की साधी हे ओळखण्याचे शिक्षण त्या साडेचार वर्षांत मिळते, चार दिवसांत नाही. म्हणून आधी नोंदणी क्रमांक विचारा. पहिल्या भेटीत रक्तदाब मोजला का, औषधांची यादी घेतली का, मान सगळ्या बाजूंनी वळवून पाहिली का, हेही बघा. यांतले काही न करता थेट टेबलावर झोपवले तर समजून चाला.

दहा किंवा वीस सत्रांचे आगाऊ पैसे भरू नका. पावतीवर उपचाराचे नाव, तारीख आणि देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असू द्या. फसव्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते, पण पत्रक जपून ठेवले नसेल आणि पावती नसेल तर तिथे दाखवायला काही उरत नाही.

आपल्याला दोन विनंत्या. आपल्या दैनिकातल्या आरोग्य सेवांच्या छोट्या जाहिरातींत उपचार देणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे. आमच्यासारख्यांच्या जाहिरातीही त्यातून सुटू नयेत. दुसरी विनंती दिंडोरी रोडवरील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, आपल्या मार्फत. राज्यभरातली बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालये या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. अशा पूरक स्पर्शोपचारांवर, खोट्या स्पर्शाच्या तुलना गटासह, मराठी रुग्णांत एखादी नीट बेतलेली चाचणी पदव्युत्तर प्रबंधांतून उभी राहू शकते. द्राक्षपट्ट्यातले मानदुखीचे मजूर त्यासाठी योग्य गट ठरतील, मात्र सत्रे विरळणीच्या हंगामाबाहेर आणि त्यांच्या गावात घ्यावी लागतील, कारण मजुरी बुडवून नाशिकला यायला कुणी तयार होणार नाही.

आपले,
काही फिजिओथेरपिस्ट, नाशिक
(नावे व नोंदणी क्रमांक संपादकांकडे दिले आहेत.)